अवंतीचा प्रश्न

परिसर बदलला तरी रूढी बदलत नाही, हा अनुभव संघालाही आला होता. महावग्गातील एक प्रसंग आम्ही येथे देतो. उपसंपदेला दहा भिक्खूंचा संघ लागे. अवंतीत, म्हणजे माळव्यात, भिक्खू विरळ. म्हणून सोण कुटिकण्णाला तीन वर्षे थांबावे लागले. पुढे आचार्य महाकच्चानांची विनंती घेऊन तो तथागतांकडे गेला. तथागतांनी सीमावर्ती प्रदेशांसाठी विनयधरासह पाच भिक्खू पुरेसे मानले. तेथील खडबडीत भूमी पाहून जाड तळाच्या पादत्राणांचीही अनुज्ञा दिली. महापरिनिर्वाणापूर्वी क्षुल्लक नियम रद्द करण्याची मुभाही त्यांनी संघाला दिली. परंतु क्षुल्लक कोणते, यावर राजगृहाच्या संगीतीत एकमत झाले नाही आणि सर्वच नियम कायम राहिले. आपल्या चालीरीती तपासताना आम्हांस राजगृहाच्या सावधगिरीइतकाच अवंतीचा प्रश्नही महत्त्वाचा वाटतो.