चेंबरचं झाकण

आपल्याकडचे गॅरेजवाले ज्याला ‘चेंबर’ म्हणतात ना, तो म्हणजे इंजिनाचा ऑइल पॅन. गाडीच्या पोटाखाली बोल्टांनी आवळलेलं तेलाचं भांडं. स्पीडब्रेकरवर ‘खर्रर्र’ असा आवाज आला की आपला जीव वरखाली होतो तो ह्याच्याचसाठी! एरवी त्याची आठवण कुणाला येते? पण मंडळी, ह्या भांड्याच्या इतिहासात एक साधंसं झाकण आहे. आज त्याबद्दल.

फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटींहून जास्त गाड्या बनल्या. चार सिलिंडर, २० अश्वशक्ती आणि गंमत म्हणजे ऑइल पंपच नाही! फिरणारं फ्लायव्हील तळातलं तेल उडवायचं, त्यातलं थोडं एका नळीत पडून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जायचं आणि तिथून उताराने मागे यायचं. वाटेत ते तळाच्या खोलगट खाचांमध्ये साचायचं आणि कनेक्टिंग रॉड दर फेऱ्याला त्यात बुडी मारून यायचे. झालं वंगण! तेल किती आहे ते बघायला डिपस्टिकही नव्हती. गाडीखाली वाकून दोन तोट्या उघडायच्या. खालच्या तोटीतूनही तेल आलं नाही, तर पुढे जाऊ नका.

सपाट रस्त्यावर हे ठीक होतं. लांब चढावर मात्र तेल मागे ओघळायचं आणि सर्वात पुढचा रॉड कोरडा पडायचा. रॉडच्या बेअरिंगला आतून बॅबिटचा थर असे. हा कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ मिश्रधातू, आयझॅक बॅबिटने १८३९ मध्ये काढलेला. तेल तुटलं की तो झिजायचा आणि इंजिन ठोके देऊ लागायचं. दुरुस्ती तशी सोपी. बेअरिंगची टोपी सोडवायची, तिची कड कानशीने थोडी घासायची, परत आवळायची.

पण हात पोचायचा कसा? सुरुवातीच्या गाड्यांचा पॅन तळाशी अखंड होता. शिवाय तो नुसतं भांडं नव्हता, इंजिन त्याच्यावरच बसलेलं असायचं आणि त्याचे दोन हात चासिसवर टेकलेले. म्हणजे पॅन काढायचा तर आख्खं इंजिन बाहेर. कानशीचे चार हात मारण्यासाठी एवढा खटाटोप!

१९११ मध्ये फोर्डने पॅनचा तळ कापला आणि तिथे बोल्टांनी बसणारं वेगळं झाकण दिलं. बस्स, एवढंच. आता तेल काढा, झाकण सोडवा, पाठीवर पडून एकेक रॉड नीट करा. मग जुनं गॅस्केट खरवडून नवं लावा, बोल्ट सगळीकडून सारखे आवळा, तेल भरा. इंजिन जागच्या जागी. ह्या गाडीचं खूप मोठं गिऱ्हाईक शेतकरी होतं, वर्कशॉपपासून कोसभर लांब राहणारं. त्यांच्यासाठी हे झाकण म्हणजे गाडी आपल्या हाताने चालू ठेवण्याची मुभा होती.

ही मुभा किती मोलाची, ते स्टाइनबेकच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मध्ये दिसतं. शेती गमावून कॅलिफोर्नियाला निघालेल्या माणसांच्या डॉज गाडीचं रॉड बेअरिंग वाटेत जातं. दोघे भाऊ भंगारवाल्याकडून जुना रॉड आणतात आणि रात्री रस्त्याच्या कडेला, पॅन उतरवून बसवतात. तो पॅन तिथे उतरला नसता तर प्रवास तिथेच संपला असता.

आजच्या गाड्यांत पंप आहे, बेअरिंग टिकाऊ आहेत, त्यामुळे पॅन क्वचितच काढावा लागतो. पण वेळ आली की कळतं, बऱ्याच गाड्यांत खाली सबफ्रेम आडवी येते आणि इंजिन वरून टांगून धरावं लागतं. परत बसवताना सीलंट जास्त झालं तर त्याचा तुकडा सुटून तेलाच्या जाळीत अडकू शकतो. ‘क्वचित लागतं’ म्हणून आपणही सॉफ्टवेअरमध्ये असंच करतो की! लॉग नाहीत, आत डोकवायला वाट नाही, आणि रात्री दोनला कुणीतरी आख्खं इंजिन उतरवत बसलेलं असतं.

फोर्डने इंजिनाचं मूळ डिझाइन बदललं नाही, पहिला रॉड त्यानंतरही कोरडा पडतच राहिला. फक्त तो नीट करणाऱ्याला आत हात घालायला जागा दिली. पुढच्या डिझाइन रिव्ह्यूला मी एवढं तरी नक्की विचारणार आहे, ‘झाकण कुठाय?’ :)