टेबलाची दोन पानं

आमच्या घरात जेवायचं टेबल आलं ते १९९४ साली. त्याआधी सगळी पंगत जमिनीवर. आधी पुरुष, मग पोरं, आणि शेवटी चुलीपुढं बसून उरलंसुरलं खाणाऱ्या बायका. पिढ्यान्पिढ्या हेच. पण आईचे गुडघे धरले. खाली बसली की तिला उठवायला दोघं लागायची. मग ती बाजेवर एकटीच ताट घेऊन बसायला लागली. ते बघवेना म्हणून टेबल करायचं ठरलं.

अडचण एकच होती. रोजची माणसं सहा, पण सणाला पुण्या-मुंबईची आली की बारा. एवढं मोठं टेबल सोप्यात कायम ठेवलं तर पोती कुठं ठेवायची?

मी आमच्या सुताराकडं गेलो. ‘आमच्या’ म्हणायला जीभ अडखळते, त्याचं कारण सांगतो.

सुतार म्हणजे बारा बलुतेदारांतला. कुळव, पाभर, जू, गाडीची चाकं, सगळं त्यानं वर्षभर करायचं, मोडलं तर सांधायचं आणि सुगीला खळ्यावर येऊन आपला वाटा न्यायचा. पैशाचा व्यवहार नाही. नांगरही त्याचाच होता. पण १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आमच्याच भागात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतात उतरला. लोखंडानं जमीन नासते म्हणून जुनी माणसं आधी त्याला हात लावत नव्हती, म्हणतात. पुढं तीच तो विकत घ्यायला लागली. तरी कुळव-पाभर आणि गाडीवर सुताराचं चाललं होतं. मग टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आला.

१९७७ ची सुगी. मी दहावीत होतो. सुतार पोतं घेऊन खळ्यावर आला, तर वडील म्हणाले, “आता तुझं काय काम राह्यलंय आमच्याकडं?” तो काही बोलला नाही. रिकामं पोतं खांद्यावर टाकून बांधावरनं निघून गेला. मीही गप्प उभा राहिलो.

सतरा वर्षांनी त्याच्याच दारात मी टेबल मागायला उभा. मधल्या काळात तो सांगलीला दारं-खिडक्या करायला जायचा. तिथं एका बंगल्यातलं वाढणारं टेबल त्यानं दुरुस्त केलं होतं. म्हणाला, “वाढतंय तसं करू. लाकूड तेवढं वाळल्यालं आणा.”

इंग्लंडात रिचर्ड गिलो नावाच्या फर्निचरवाल्यानं १८०० साली अशा सरकत्या टेबलाचं पेटंट घेतलं होतं, हे मी फार पुढं वाचलं. आमच्या सुतारानं ते नाव ऐकलेलं नव्हतं. त्यानं नुसतं खाली वाकून बघितलं होतं.

टेबल मधोमध दोन भागांत. खाली दोन्ही अंगांना सागवानी पट्ट्यांच्या जोड्या. एका पट्टीला खाच, दुसरीला जीभ. एक या भागाला पक्की, दुसरी त्या भागाला. दोन्हीकडून ओढलं की मधे तीन फुटांची जागा होते आणि तिथं दीड-दीड फुटाच्या दोन फळ्या बसतात. पाच फुटांचं टेबल आठ फुटांचं होतं. फळीच्या एका कडेला लाकडी खुंट्या, समोरच्या कडेला भोकं, म्हणजे वरचा भाग एकसारखा लागतो. पूर्ण ओढल्यावरही पट्ट्या हातभर एकमेकींत राहिल्या पाहिजेत, नाहीतर टेबल मधे वाकतं. तरी भरवसा नको म्हणून त्यानं मधोमध पाचवा पाय दिला.

खाच त्यानं जरा सैल ठेवली. मी म्हटलं, हलेल की. तर म्हणाला, “लाकूड कापलं म्हणून मरत न्हाई. पावसाळ्यात फुगतंय, उन्हाळ्यात आकसतंय. त्याला जागा ठेवाय लागती.” फळ्यांचे रेषे टेबलाच्या रेषांच्या दिशेलाच ठेवले, उलटसुलट ठेवले तर फुगल्यावर कडा पुढंमागं होतात. खाचेत मेण चोळलं आणि बजावलं, “फळ्या भिंतीला टेकवून ठिवू नका, बाक धरतील. आडव्या ठेवा.”

इंग्रजीत या फळीला पानच म्हणतात. आपणही जेवायला पानं मांडतो. हे मला फार आवडलं.

दिवाळीत पहिल्यांदा दोन्ही पानं घातली. आई बसली आणि सुनांना म्हणाली, “तुमीबी आत्ताच बसायचं.” त्या दिवशी आमच्या घरात बायका पहिल्या पंगतीला जेवल्या. सुतारालाही बोलावलं होतं. वडिलांनी मजुरीच्या वर शाळूचं एक पोतं बाजूला काढून ठेवलं होतं. “ऱ्हायलेलं बलुतं समज,” म्हणाले.

सुतारानं पोत्याला हात लावला नाही. “मजुरी मिळाली, आबा. खळ्यावर हात पसरून उभं ऱ्हायला मला कवाच बरं वाटलं न्हवतं. त्ये सुटलं त्ये बरंच झालं. पण त्या दिशी सांगितलं तसं नको हुतं.”

वडील मान खाली घालून बसले. मग स्वतः उठले आणि सुताराच्या ताटात वाढलं.

आता आई नाही, वडील नाहीत, सुतारही गेला. रोज आम्ही दोघंच जेवतो. उजेडानं टेबल पार काळपट-तांबूस झालंय. माळ्यावरची दोन पानं मात्र अजून फिकीच आहेत. दिवाळीला ती खाली काढली की दोन रंग शेजारी शेजारी दिसतात. पोरं म्हणतात, पॉलिश करून घ्या, एकसारखं दिसेल. मी करत नाही.