सगळं एकदम कसं जातं? जुन्या गाडीतल्या विजेची गोष्ट

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे असं समजा. भजी झाली, कणसं झाली, मालकाने किल्ली फिरवली आणि काहीच नाही. सेल्फ नाही, हॉर्न नाही, साधा पार्किंगचा दिवासुद्धा नाही. लगेच चार माणसं गोळा होतात आणि त्यातला एक जण ठामपणे सांगतो, "बॅटरी गेली!" मला या वाक्याचा मनापासून राग आहे. कारण त्या एका वाक्यावर माणूस नवी बॅटरी घेऊन बसतो, आणि दोष अनेकदा दुसरीकडेच असतो.

तर मुद्दा असा, की 'सगळं एकदम जाणं' हा आजार मोटारगाडीला जन्मापासून नव्हता. सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक कामाची सोय वेगळी होती. ठिणगीसाठी मॅग्नेटो, तो इंजिनाबरोबर फिरून स्वतःची वीज स्वतः तयार करायचा. दिवे कार्बाइडचे, म्हणजे कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडून होणाऱ्या गॅसवर जळणारे. हॉर्न म्हणजे रबरी भोंगा, आणि सेल्फच्या जागी लोखंडी हँडल. दिवा विझला तरी इंजिन चालू राहायचं. मग १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने सेल्फ, दिवे आणि ठिणगी ही सगळी कामं एकाच विजेच्या व्यवस्थेत आणली. हँडलने मनगटं मोडायची, ते थांबलं. पण त्या दिवसापासून सगळ्यांची मुळं एकाच जागी आली.

खडकवासल्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. पेशवाईत पुण्याला कात्रजचं पाणी होतं, हौद होते, वाड्यावाड्यांतून आड होते. नंतर शहराचे नळ या धरणावर अवलंबून झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं, आणि पूर ओसरल्यावर पुण्याचे नळ कोरडे पडले. एका घरात पाणी नसेल तर आपण तोटी बघतो. गावभर नसेल तर तोटी बघण्यात काय अर्थ?

गाडीतही तेच. फ्यूज म्हणजे तोटी. एक फ्यूज उडाला तर एखाद-दुसरी शाखा मरते. सगळंच मेलं असेल तर फ्यूज बॉक्स उघडून बसणं म्हणजे वेळ घालवणं. सगळ्या शाखा जिथे एकत्र येतात तिथे बघायचं: बॅटरी, तिची दोन टर्मिनलं, अर्थची पट्टी आणि पुढे जाणारी मुख्य वायर.

अर्थबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण जुन्या गाडीत खरी मेख तिथेच असते. तांब्याची बचत म्हणून कारखानदारांनी परतीची वायरच काढून टाकली आणि ते काम गाडीच्या पत्र्याला दिलं. वीज वायरने जाते आणि बॉडीतून परत येते. म्हणजे प्रत्येक दिव्याची, हॉर्नची परतीची वाट शेवटी एका विणलेल्या पट्टीतून आणि एका बोल्टमधून जाते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीला आज निदान पंचवीस पावसाळे झालेत. त्या बोल्टखाली गंज धरणारच. त्यात कोणीतरी हौसेने गाडी रंगवून घेतलेली असते, आणि बोल्टखाली रंग गेलेला असतो.

शोधायचं कसं? जुने वायरमन मीटर बाळगत नसत. एक बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, झाला टेस्टलॅम्प. आजच्या डिजिटल मीटरपेक्षा इथे तो खरं बोलतो. मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे केसाएवढा संपर्क उरला असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो. कच्च्या जोडावर तो लगेच मंदावतो.

आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच वायरी टेकवायच्या, क्लॅम्पवर नाही. लख्ख पेटला, तर बॅटरीत जीव आहे. मग क्लॅम्प ते क्लॅम्प. इथे विझला, तर खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पांढरा-हिरवा थर बसलाय. गरम पाणी, खायचा सोडा, पॉलिश पेपर. मग एक टोक जिवंत क्लॅम्पवर आणि दुसरं बॉडीच्या खरवडलेल्या पत्र्यावर. इथे विझला, तर अर्थ. तिथेही ठीक असेल तर जाड वायरीमागे सेल्फच्या टर्मिनलपर्यंत आणि तिथून किल्लीच्या स्विचपर्यंत जायचं. जुन्या जीपला अँपियर मीटर असतो. सेल्फ सोडून सगळा करंट त्यातून जातो, तेव्हा त्याच्या मागची नटं विसरू नका.

पाना लावताना मात्र अर्थचं टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं. दुसरं आधी काढताना पाना पत्र्याला लागला तर पूर्ण बॅटरी शॉर्ट होते, आणि जुन्या गाडीत मधे अडवायला मुख्य फ्यूज बहुधा नसतो. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत तर अर्थ पॉझिटिव्हला असतो, म्हणून रंग बघून नाही, वायर कुठे जाते ते बघून ठरवा.

आणि एक गॅरेजमधली सवय. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची. इंजिन चाललं तर चार्जिंग ठीक. ही युक्ती डायनमोच्या काळातली. अल्टरनेटरवर ती केली तर आतले डायोड जळू शकतात. उलट, डायनमोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक असतं, त्यामुळे बॅटरी पार उतरलेली गाडी उतारावर जोरात ढकलली तर सुरू होण्याची थोडी तरी आशा असते. अल्टरनेटरला सुरुवातीला बॅटरीतून थोडा करंट लागतो. तेव्हा धक्का मारायला माणसं बोलावण्याआधी बॉनेट उघडून आपल्या गाडीत काय बसवलंय ते बघा. बऱ्याच जुन्या फियाटमध्ये मधल्या काळात कोणीतरी डायनमो काढून अल्टरनेटर घातलेला असतो.