नॅरोगेजपासून टाइप-सीपर्यंत

लातूरला रेल्वे आली 1911 साली. बार्शी लाइट रेल्वेची ती नॅरोगेज, रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. नांदेडला ती थोडी आधीच, विसाव्या शतकाच्या तोंडावर, हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेमुळे पोहोचली होती. पण ती मीटरगेज. मुंबईकडचा हमरस्ता मात्र ब्रॉडगेज. म्हणून लातूरचा माल कुर्डुवाडीला आणि नांदेडचा मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. हमाली द्या, ताटकळत बसा, नासधूस सोसा. नांदेडच्या बाजूला 1990च्या दशकात रूळ रुंद झाले, लातूरच्या बाजूला 2007-08 मध्ये. त्याचा उपयोग किती मोलाचा होता, ते एप्रिल 2016च्या दुष्काळात दिसले. मिरजेहून दहा टँकर-वाघिणींची पहिली गाडी सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन थेट लातूरला आली. वाटेत गेज बदलले असते तर ते पाणी मध्येच कुठेतरी उपसावे लागले असते.

विजेच्या छोट्या उपकरणांत हेच गेजचे प्रकरण पुन्हा घडले, आणि ते अजून पुरते मिटलेले नाही.

मोबाइल आला तेव्हा प्रत्येक कंपनीची पिन वेगळी होती. नोकियाची आधी जाडी पिन होती, मग बारीक पिन आली. ‘बारीक पिनचा चार्जर आहे का?’ हा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक लग्नघरात आणि एसटी स्टँडवरच्या टपरीत ऐकू यायचा. एका वायरला सात-आठ तोंडे लटकलेले चार्जर, बॅटरी काढून चिमट्यात धरणारे चार्जर, अशी सारी जत्रा तेव्हा काउंटरवर मांडलेली असे. त्यात भारनियमन. वीजगळती आणि वसुली पाहून फीडरचे गट पाडले जात आणि ज्याचा गट खाली त्याच्याकडे लाइट जास्त वेळ जायची. लाइट असेल तेवढ्यात फोन भरून घेणे ही घराघरातली शिस्त होती.

लॅपटॉपची कथा निराळी. नांदेडचे श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981चे, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994चे. लातूर 1982 साली उस्मानाबादपासून वेगळे होऊन जिल्हा झाले आणि पुढे शिक्षणातल्या ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभर गाजले. शिकणारी पोरे एवढी, तेव्हा संगणक आणि मागोमाग लॅपटॉप येणारच. त्यांचे चार्जर गोल पिनचे, साधारण 19 व्होल्टचे. जाडी मात्र कंपनीगणिक वेगळी. डेलच्या पिनच्या मधोमध एक सुईसारखी तार असते. ती चार्जर किती वॉटचा आहे हे लॅपटॉपला कळवते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. चार्जर नुसती वीज देत नाही, स्वतःची ओळखही सांगतो, ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्यांना या सुईनेच आधी शिकवली.

यूएसबी 1996ची. ती घडवणाऱ्या इंटेलच्या चमूतले अजय भट्ट हे गायकवाडांच्या बडोद्यातल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. तिचे काम माउस-कीबोर्ड जोडण्याचे. 5 व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. एवढ्यावर लॅपटॉप भरण्याचा प्रश्नच नव्हता. 2012 साली ‘पॉवर डिलिव्हरी’ची नियमावली आली आणि 2014 साली टाइप-सी, 24 टोकांचे, उलटसुलट कसेही बसणारे तोंड. 2015च्या मार्चमध्ये अ‍ॅपलने एकुलत्या एका टाइप-सी पोर्टचा मॅकबुक जाहीर केला. चार्जिंग, पडदा, पेनड्राइव्ह, सगळे एकाच भोकातून. मग मध्ये एका भोकाची अनेक भोके करणारा हब लागलाच.

मराठवाड्यात हा हब घरोघर दिसू लागला तो 2020च्या टाळेबंदीत. पुण्यातली आयटीतली पोरे नांदेड-लातूरला घरी परतली, जेवणाच्या टेबलावर मॉनिटर लागले, आणि ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ हा निरोप घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसला.

गेज वेगळे असले की गाडी अडायची ते डोळ्यांना दिसायचे. टाइप-सीत तोंड सगळ्यांचे सारखे, फरक आत दडलेला. पिन बसली म्हणजे चार्जर चालणार, हा समज म्हणूनच खोटा ठरतो. आधी 5 व्होल्टवर चार्जर आणि लॅपटॉप यांचे बोलणे होते: तुझ्याकडे किती आहे, मला किती हवे. ते जुळले की 9, 15 किंवा 20 व्होल्ट सोडले जातात. हब मध्ये असला की हे बोलणे त्याच्यामार्फत होते, आणि हब स्वतःसाठीही वाटा ठेवतो. चार्जर 65 वॉटचा असेल तर हबच्या पलीकडे बऱ्याचदा पन्नासच्या आसपासच पोहोचतात. मोठा लॅपटॉप तेवढ्यावर चालू राहतो, पण बॅटरी वाढत नाही, उलट हळूहळू उतरते. हबवर छापलेले ‘100 वॉट’ हे तो किती घेऊ शकतो याचे असते. लॅपटॉपला तेवढे मिळतील असे नाही.

जाणता कारागीर म्हणून आधी हब बाजूला काढतो आणि चार्जर थेट लॅपटॉपला लावतो. तसा भरला तर दोष हबचा किंवा वाट्याचा. नाही भरला तर वायर बदलून पाहतो. साध्या टाइप-सी वायरमधून 3 अँपिअर, म्हणजे 60 वॉटपर्यंतच जातात. त्यापुढे 5 अँपिअरसाठी वायरीच्या तोंडात ओळख सांगणारी चिप लागते. मग मध्ये बोटाएवढा मीटर लावतो. त्यावर 20 व्होल्ट दिसले तर बोलणे जुळले. 5 वरच अडले असेल तर कुठेतरी कोणीतरी गप्प आहे: कधी लॅपटॉपचे ते पोर्ट फक्त डेटाचे असते, कधी वायर हबच्या चुकीच्या भोकात असते, कधी पोर्टात धूळ दाबून बसलेली असते. ती लाकडी काडीने, लॅपटॉप बंद करून, जपून काढावी.

आपल्याकडे आणखी एक कारण हमखास निघते, आणि परदेशात छापलेल्या माहितीपुस्तिकांत त्याला क्वचितच जागा मिळते. लाइट जाते. चार्जर मरतो, हब लॅपटॉपच्या बॅटरीवर येतो. लाइट परतली की सारे बोलणे नव्याने सुरू होते, आणि त्या क्षणी अनेक हब जोडलेली हार्ड डिस्क सोडून देतात. कधी बोलणे अर्धवटच राहते आणि चार्जिंग सुरू होत नाही. सगळे काढून, थोडे थांबून, आधी चार्जर हबला आणि मग हब लॅपटॉपला लावला की बहुतेक वेळा काम भागते. ज्याच्याकडे हार्ड डिस्कवर महत्त्वाचे काम असेल त्याने चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवरच ठेवावा.

भारतीय मानक ब्युरोने 2023च्या सुरुवातीला टाइप-सीचे मानक जाहीर केले. युरोपात फोनसाठी ते 28 डिसेंबर 2024पासून सक्तीचे झाले. लॅपटॉपसाठी मुदत 28 एप्रिल 2026 ठेवली गेली. नव्या प्रमाणित वायरींवर आता 60 किंवा 240 वॉट असे छापलेले असते. हबसाठी वायर घेताना तो आकडा पाहून घ्यावा; आकडा नसलेली वायर फोनला चालेल, लॅपटॉपला तिच्या भरवशावर ठेवू नये.