दोन रेघा आणि ठिपके

रात्री दिवा मालवला आणि बायकोही गप्प झाली की सेनेका हा रोमन तत्त्वज्ञ दिवसभरातलं आपलं बोलणं-वागणं तपासायला बसे. ही सवय त्याने सेक्स्टियस या आधीच्या तत्त्वज्ञापासून घेतली होती. सेनेका ख्रिस्ती नव्हता, तरी ख्रिस्ती माणसाच्या रोजच्या पश्चात्तापाचं कूळ शोधत गेलं की त्याच्या खोलीवरून जावंच लागतं. तिथे आरोपी तोच आणि न्यायाधीशही तोच. पुन्हा असं करू नकोस, अशी समज देऊन तो स्वतःला माफ करी.

ख्रिस्ती संन्याशांनी ही तपासणी उचलली, पण माफी देणारा बदलला. आता हिशेब देवापुढे होता, आणि पुष्कळदा एखाद्या वडीलधाऱ्या भावापुढेही. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातल्या अंतोनींचा सल्ला असा, की आपली कृत्यं आणि मनातले विचार दुसऱ्याला दाखवायचे आहेत असं समजून लिहून काढावेत. त्या लाजेनेच माणूस सावरतो. सातव्या शतकातल्या सीनायच्या योहानांनी अलेक्झांड्रियाजवळच्या मठात एक संन्यासी पाहिला. त्याच्याकडे भोजनगृहाचं काम होतं आणि कमरेला एक छोटी वही लटकत होती. रोजचे विचार तो तिच्यात टिपून ठेवी आणि मठाधिपतींना दाखवी. या साऱ्या इतिहासात मला हाच माणूस सर्वांत जवळचा वाटतो. पश्चात्तापासाठी त्याने काम सोडलं नाही. वहीच कामावर नेली.

योहानांच्या आधीच संत बेनेडिक्टच्या नियमावलीत रोजच्या प्रार्थनेत आपली पापं देवाजवळ कबूल करावीत, असं कलम आलं. आयर्लंडच्या संन्याशांनी खाजगी आणि वारंवार पापनिवेदनाची रीत रुजवली. 1215 च्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन केलंच पाहिजे, असं ठरवलं. ही किमान अट होती, पण वर्षातून एकदा आणि रोज यांत फार मोठं अंतर आहे. 1517 मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या 95 प्रबंधांतला पहिलाच मुद्दा मांडला तो हा, की ख्रिस्ताला श्रद्धावंताचं सबंध आयुष्यच पश्चात्तापाचं हवं आहे.

त्यानंतर चारच वर्षांनी पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस लोयोला या सैनिकाचा पाय तोफगोळ्याने मोडला. बरं झाल्यावर मनरेसा गावी त्याने ज्या साधनेची टिपणं काढायला सुरुवात केली, तिच्या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. तिच्यातली एक युक्ती विलक्षण साधी आहे. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताना तो टाळण्याचा निश्चय करायचा. दिवसात चूक झाली की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही ते कुणाच्या लक्षात येत नाही. रोजच्या दोन रेघा, एक दुपारच्या जेवणानंतरची, दुसरी रात्रीच्या जेवणानंतरची. जितक्या चुका तितके ठिपके. मग दुसरी रेघ पहिलीशी, आजचा दिवस कालच्याशी आणि हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. व्यापाऱ्याची रोजकीर्दच ही. पुस्तकातल्या आकृतीत तर रविवारपासून पुढे रेघा आखूड होत जातात. सुधारणा होणारच, हा विश्वास त्या आकृतीतच आहे.

पण माझ्या मते इग्नेशियसचं खरं देणं या ठिपक्यांपेक्षा क्रमात आहे. दिवसभराच्या सर्वसाधारण तपासणीच्या त्याने पाच पायऱ्या सांगितल्या आणि पहिली ठेवली ती देवाचे आभार मानण्याची. दुसरी, आपली पापं ओळखण्याची कृपा मागण्याची. मग तासातासाचा हिशेब, मग क्षमायाचना, शेवटी सुधारण्याचा निश्चय. नुसते दोष मोजत बसणारा माणूस लवकरच खचतो, किंवा ठिपके कमी झाले म्हणून फुशारतो. आधी मिळालेलं आठवलं, की आपण कोणाला दुखावलं हे नीट दिसतं आणि पश्चात्तापाला प्रेमाची दिशा मिळते.

इग्नेशियसच्या मार्गदर्शनाखाली फ्रान्सिस झेवियरने ही साधना 1534 मध्ये पॅरिसला केली आणि 6 मे 1542 रोजी तो गोव्याला उतरला. म्हणजे पोपची मान्यता मिळण्याच्या सहा वर्षं आधीच तिचा एक साधक आपल्या किनाऱ्यावर पोचला होता. पुढे इग्नेशियसने स्थापलेल्या येशूसंघाच्या घटनेत शिकणाऱ्या तरुणांना प्रार्थनेसाठी मोजकाच वेळ दिला, पण दिवसातून दोनदा आत्मपरीक्षण त्यातही ठेवलं.

तुम्ही रात्री ही तपासणी करणार असाल, तर कृपा करून पहिली पायरी गाळू नका.