मंडकळ्ळी ते नांदेड : धावपट्टी कुणाची?

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून दहाएक किलोमीटरवर मंडकळ्ळीचा विमानतळ आहे. नंजुंडेश्वराच्या दर्शनाला जाणारे लोक रोज त्याच्या जवळून जातात, पण तिथून विमान पकडलेला माणूस त्यांच्यात शोधावाच लागेल. धावपट्टी १,७४० मीटर लांब. सत्तर-बहात्तर आसनांच्या, पंख्यांवर उडणाऱ्या एटीआर विमानाला ती पुरते. मुंबई-दिल्लीकडे जाणाऱ्या भरलेल्या जेट विमानाला तोकडी पडते. लांबवायची म्हटलं की महामार्ग आणि रेल्वेमार्ग आडवे येतात. महामार्ग धावपट्टीखालून न्यावा की वळवावा, यावर गेली कित्येक वर्षं खल चालला आहे.

ही धावपट्टी म्हैसूर संस्थानानं १९४० च्या दशकात बांधली. इतिहासाच्या दृष्टीनं मला यातला ‘संस्थानानं’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. लहान विमानतळ खासगी हातांत द्यावेत का, दिले तर त्यांचं पुढे काय होतं, हा वाद आज आपण नव्यानं घालतो आहोत. पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या धावपट्ट्या जन्मल्याच मुळी एका मालकाच्या इच्छेनं. कोल्हापूरचं उजळाईवाडी घ्या. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, जानेवारी १९३९ मध्ये, तो विमानतळ सुरू झाला. जोधपूरच्या उमेदसिंहांचं विमानवेड तर प्रसिद्धच आहे. या धावपट्ट्या सरकारी होत्या की खासगी? त्या काळी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. राजाची तिजोरी आणि राज्याची तिजोरी यांच्यातली भिंत काही संस्थानांत पक्की होती, काहींत नावापुरती. म्हैसूरची पक्की म्हणून नावाजलेली. तरीही धावपट्टी कुठं आणि कधी व्हावी, हे ठरवताना राजाचा शब्द शेवटचाच.

मालक जावा, मग मालमत्तेचं खरं रूप दिसतं. संस्थानं विलीन झाली तेव्हा राजाची खासगी मालमत्ता कोणती आणि राज्याची कोणती, याच्या याद्या झाल्या. म्हैसूर आणि बंगळूरच्या राजवाड्यांचा वाद त्यानंतर पन्नास वर्षांनीही मिटला नव्हता. कर्नाटक सरकारला १९९६ मध्ये बंगळूरच्या आणि १९९८ मध्ये म्हैसूरच्या राजवाड्यासाठी वेगळे कायदे करावे लागले. मंडकळ्ळीच्या वाट्याला असली लढाई आली नाही. ती आज भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. राजवाड्याच्या मैदानात लग्नं लावता येतात, प्रदर्शनं भरवता येतात. धावपट्टीवर विमान आलं नाही तर गवत तेवढं येतं.

राज्यघटनेनं विमानतळांची सोय हा विषय केंद्रसूचीत घातला आणि जमीन राज्यसूचीत ठेवली. लहान विमानतळांचं निम्मं दुखणं या एका वाटणीत आहे. आकाश दिल्लीचं, माती मुंबईची किंवा बंगळूरची. मोठ्या शहरांत दोघांनाही रस असतो, म्हणून काम निभावतं. लातूर-यवतमाळला दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

मंडकळ्ळीकडे परत जाण्याआधी म्हैसूर राज्यातल्याच एका दुसऱ्या धावपट्टीकडे वळतो, कारण तिथं महाराष्ट्रातला एक माणूस आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद. विमानं बांधायचा कारखाना हिंदुस्थानात काढायचा, हे त्यांनी मनावर घेतलं तेव्हा दिवाण मिर्झा इस्माइल यांच्या म्हैसूर सरकारनं त्यांना जागा दिली आणि भांडवलात भागही घेतला. डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. खासगी उद्योजक आणि सरकार यांची भागीदारी, अशी आज जी योजना नवी म्हणून मांडली जाते, ती ही. टिकली किती? दीड वर्षसुद्धा नाही. युद्ध जवळ आलं आणि एप्रिल १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारनं कारखाना ताब्यात घेतला. वालचंद बाहेर पडले. धावपट्टी मात्र राहिली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धावपट्टी म्हणून तीच पुढे बंगळूरचा नागरी विमानतळ झाली आणि २००८ पर्यंत राहिली. आजूबाजूच्या वस्तीचं नावच विमानपुरा.

ती बंद झाली त्याची कथा मंडकळ्ळीला येऊन भिडते. देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळासाठी जुलै २००४ मध्ये केंद्र सरकारनं ज्या कंपनीशी करार केला, तिच्यात ७४ टक्के भाग खासगी भागीदारांचा होता. एवढा पैसा घालणाऱ्याला स्पर्धक नको असतो, हे समजण्यासारखं आहे. म्हणून करारात कलम आलं : नवा विमानतळ सुरू झाल्यापासून २५ वर्षांच्या आत, दीडशे किलोमीटरच्या हवाई अंतरात दुसरा कोणताही विमानतळ आंतरराष्ट्रीय दर्जाचा होऊ द्यायचा नाही. अपवाद दोन, म्हैसूर आणि हासन. नवा विमानतळ २४ मे २००८ ला सुरू झाला आणि वालचंदांच्या धावपट्टीवरची नियमित प्रवासी वाहतूक थांबली. बंगळूरकरांनी बरीच ओरड केली, पण करार तो करार.

म्हैसूरला अपवाद मिळाला ही मंडकळ्ळीची कमाई. तिचं पुढे काय झालं? वायुदूत नावाची सरकारी कंपनी १९८१ मध्ये लहान गावांसाठीच निघाली होती. तिची विमानं म्हैसूरला आली आणि गेलीही. कंपनीच १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विरली. नवं टर्मिनल मे २०१० मध्ये झालं. त्याच वर्षी किंगफिशरनं सेवा सुरू केली आणि पुढच्या वर्षी बंद केली. मग थोडं स्पाइसजेट, थोडा शुकशुकाट. अधल्यामधल्या दिवसांत प्रशिक्षणाची लहान विमानं तेवढी घिरट्या घालत.

इथं २०१७ साल येतं, आणि त्या वर्षानं आपल्याला जवळजवळ एक प्रयोगच करून दाखवला आहे. केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली ट्रूजेट नावाची एक लहान कंपनी एटीआर विमानं घेऊन दक्षिणेतल्या आडगावांना जाऊ लागली. एप्रिलमध्ये हैदराबाद-नांदेड. सप्टेंबरमध्ये चेन्नई-म्हैसूर. त्याच महिन्यात बळ्ळारीजवळचं विद्यानगर. विमान एका जातीचं, कंपनी एक, योजना एक. धावपट्ट्यांचे मालक मात्र तीन तऱ्हांचे. म्हैसूरचा विमानतळ केंद्राच्या प्राधिकरणाचा. विद्यानगर जिंदालांच्या पोलाद कारखान्याचा, पूर्ण खासगी. आणि नांदेड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, पण खासगी कंपनीला दीर्घ मुदतीनं भाड्यानं दिलेला.

ट्रूजेटची विमानं २०२२ च्या सुरुवातीला जमिनीवर आली ती कायमची. म्हैसूरला तोवर अलायन्स एअर आणि इंडिगो आलेल्या होत्या. ट्रूजेट गेली तरी विमानतळ जागा राहिला. विद्यानगरची धावपट्टी कारखान्याला स्वतःच्या कामासाठी हवीच असते. प्रवासी आले तर वरकमाई, नाही आले तरी गवत कापलं जातं. नांदेडला मात्र नियमित सेवा खंडली, ती २०२४ मध्ये स्टार एअर आल्यावर पुन्हा जुळली. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८ मध्ये हौसेनं सजवलेला, तख्त सचखंड साहिबमुळे देशभरातून यात्रेकरू येणारा हा विमानतळ. अशा गावाला प्रवासी मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

मग अडतं कुठं? भाडेकरूच्या हिशोबात. लहान विमानतळाचा खर्च विमानं किती येतात यावर फारसा अवलंबून नसतो. दिवसाला एक विमान येवो की दहा, अग्निशमनाची गाडी आणि तिची माणसं लागतातच. कुंपण शाबूत ठेवावं लागतं, नाहीतर धावपट्टीवर गुरं येतात. डांबर उन्हानं फुटतं, रंगाचे पट्टे पुसतात, दिवे जातात. यातलं काही ढिलं पडलं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना धोक्यात येतो, आणि परवाना नसलेल्या विमानतळाकडे विमान कंपनी फिरकत नाही. उत्पन्न मात्र सगळं विमानांच्या संख्येवर : उतरण्याचं शुल्क, विमान उभं करण्याचं भाडं, हँगर, थोडी दुकानं. त्यात ‘उडान’मध्ये तोट्याची भरपाई मिळते विमान कंपनीला, तीही तीन वर्षं, विमानतळ चालवणाऱ्यानं मात्र त्या विमानांकडून उतरण्याचं शुल्क घ्यायचं नाही. सरकारी प्राधिकरण हे सोसतं, कारण मुंबईसारख्या ठिकाणांहून त्याच्याकडे पैसा येत राहतो. एकट्या नांदेडचा हिशोब मांडणारी कंपनी कशाला सोसेल?

नांदेड, लातूर, यवतमाळ, बारामती आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, हे पाच विमानतळ २००९ मध्ये रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देण्यात आले. रक्कम पाचांची मिळून सुमारे ६३ कोटी रुपये. भागाकार केला तर दर विमानतळामागे महिन्याला एक लाख दहा हजारांच्या आसपास पडतात. मुंबईत मोक्याच्या रस्त्यावरचं मोठं दुकान या भाड्यात मिळायचं नाही. अर्थात लातूर मुंबई नव्हे, आणि डागडुजी भाडेकरूकडे होती, हेही खरं. माझा आक्षेप भाड्यापेक्षा मुदतीला आहे. तो पट्टा २१०४ साली संपायचा होता. मंडकळ्ळी बांधणाऱ्या संस्थानाला आपली धावपट्टी दहा वर्षंसुद्धा हातात ठेवता आली नाही. इथं आपण पंचाण्णव वर्षांचं भविष्य एका सहीत लिहून दिलं. दुसरा तऱ्हेवाईकपणा असा, की महाराष्ट्राच्या पाच कोपऱ्यांतल्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या गरजा एका मोटेत बांधल्या. बारामतीला वैमानिक प्रशिक्षणामुळे धावपट्टी रोज वापरात. यवतमाळची गोष्ट अगदी वेगळी.

जुलै २०२३ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितलं, की कंपनीनं देणी थकवली आहेत, विमानतळ नीट चालवलेले नाहीत, आणि राज्य ते परत घेण्याच्या मार्गावर आहे. म्हणजे पट्ट्याची सहावा हिस्सा मुदतही सरली नव्हती. याच सुमाराला मूळ उद्योगसमूह कर्जांत रुतलेला होता. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीतही खासगी धावपट्टी आहे. सहाराच्या गुंतवणूकदारांची देणी वसूल करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ती नगरीच जप्त करून लिलावाला काढली. मालक दिवाळखोरीकडे निघाला की धावपट्टी त्याच्या इतर मालमत्तेसारखीच एक वस्तू होते. रात्री तिथं हृदयविकाराचा रुग्ण घेऊन विमान उडायला हवं असेल, तर ते कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

सरकारी मालकी म्हणजे अभय, असंही समजू नये. शिकागोत मेग्ज फील्ड नावाचा तळ्याकाठचा लहान विमानतळ शहराच्याच ताब्यात होता. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून काढल्या. सकाळी तिथं उभी असलेली विमानं अडकून पडली होती. आता तिथं बाग आहे. आणि खासगी म्हणजे बुडीतच, असंही नाही. विद्यानगर आपल्यासमोर आहे. शिरपूरची धावपट्टीही एका शिक्षणसंस्थेच्या वैमानिक प्रशिक्षणावर चालते. दोन्हीकडे मालकाला ती रोज लागते. संस्थानिकांचंही तसंच होतं. राजाला विमानात बसायचं होतं. पाच विमानतळ घेणाऱ्या कंपनीला लातूरहून कुठं जायचं होतं?

सिंधुदुर्गातलं चिपी या दोन्हींच्या मधे आहे. आयआरबीनं बांधलेला, अडीच किलोमीटर धावपट्टीचा हा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये थाटानं उघडला. मुंबईचं विमान ‘उडान’ची तीन वर्षं भरताच, ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्याला त्याचा अर्थ लगेच कळला. कर्नाटकानं निराळी वाट धरली. कलबुर्गी आणि शिवमोग्गा या दोन्ही विमानतळांची कामं २००८ मध्ये खासगी भागीदारीत सुरू होऊन रखडली. राज्यानं ती स्वतःकडे घेतली. कलबुर्गी नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला आणि चालवायला केंद्राच्या प्राधिकरणाकडे गेला. शिवमोग्गा फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि तो राज्यच चालवतं. तोटा होतोच, पण तो कुणाच्या अंगावर पडतो हे निदान लोकांना माहीत असतं आणि विधानसभेत विचारता येतं.

पाच विमानतळांचा पुढचा कागद कुणाच्याही नावे झाला, तरी त्यात काय असावं हे आता अंदाजानं सांगायची गरज उरलेली नाही. परवाना अमुक महिने खंडला तर कोर्टाची पायरी न चढता जागा परत. विमानतळाची जमीन दुसऱ्या कामाला, गहाण टाकायलाही, वापरायची नाही. प्रत्येक धावपट्टीचा करार वेगळा. आणि मुदत, एका माणसाच्या नोकरीइतकी : तीस वर्षं. देवनहळ्ळीच्या मालकांनी आपल्या करारात दीडशे किलोमीटरपर्यंतचं आकाश पंचवीस वर्षांसाठी राखून घेतलं. ते कलम मे २०३३ पर्यंत लागू आहे. तेवढ्या बारकाईनं लातूरची बाजू मांडणारा वकील २००९ मध्ये टेबलाच्या सरकारी बाजूला बसलेला नव्हता.