शिवनीचं जंगल आणि स्काउटचा चौथा नियम

जबलपूरहून नागपूरला जाताना वाटेत शिवनी लागतं. पाट्यांवर 'सिवनी', आपल्या घरांत 'शिवनी'. रुडयार्ड किपलिंगने मोगलीचे लांडगे याच भागातल्या टेकड्यांत वसवले. पुढे १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी धाकट्या मुलांसाठी 'वुल्फ कब' शाखेचं पुस्तक काढलं आणि तिची सारी चौकट या गोष्टींतून उचलली. म्होरक्या अकेला, बालू अस्वल, बगीरा. म्हणजे इंग्लंडमधली आठ-दहा वर्षांची पोरं आमच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या लांडग्यांच्या नावाने खेळू लागली. त्याच वर्षी शिवनीच्या किंवा जबलपूरच्या भारतीय मुलाला मात्र सरकारमान्य स्काउट पथकाची दारं बंद होती.

हा विरोधाभास समजायला थोडं मागे जावं लागतं. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर झालं. सुमारे वीस मुलं होती. काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या कष्टकऱ्यांची. बेडन-पॉवेल यांनी त्यांच्या चार तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीत दोन्हीकडची मुलं मिसळली. इंग्लंडच्या तेव्हाच्या वर्गव्यवस्थेत ही साधी गोष्ट नव्हती. पुढच्या वर्षी 'स्काउटिंग फॉर बॉइज' निघालं. त्यातला चौथा नियम या प्रयोगाशी जुळणारा आहे: स्काउट सर्वांचा मित्र, आणि दुसरा स्काउट कुठल्याही सामाजिक थरातला असो, त्याचा भाऊ. नियमात वर्ग होता. वर्णाबद्दल तो गप्प होता.

त्या गप्प राहण्याचा अर्थ हिंदुस्थानात लगेच कळला. १९०९ मध्ये बंगलोरला पहिलं पथक निघालं ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांचं. मुलींच्या गाइड चळवळीचं पहिलं पथक १९११ मध्ये आमच्या जबलपुरातच निघालं, तेही अशाच मुलींचं. आमच्या शहराचा हा मान आम्ही हौसेने सांगतो, पण कोणाला वगळून मिळाला ते सांगत नाही. भारतीय मुलं शिस्त आणि टेहळणी शिकली तर उद्या तीच विद्या राज्याविरुद्ध वापरतील, ही भीती त्यामागे होती. सरकारच्या बाजूने पाहिलं तर भीती तर्कशुद्धच म्हणायची!

दार आतून उघडेना, तेव्हा लोकांनी शेजारी दुसरं घर बांधलं. शाहजहानपूरला श्रीराम वाजपेयी यांनी १९१३ मध्ये भारतीय मुलांचं पथक उभं केलं. १९१७ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 'इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन' काढली. तिकडची मुलं टोपीऐवजी फेटा बांधत. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची स्काउट संघटना सुरू केली. आमच्या मध्यप्रांतात नागपूरचे तरुण बॅरिस्टर व्हिव्हियन बोस या कामात पडले. इतकी मुलं बाहेर उभी राहून स्काउटगिरी करू लागल्यावर मूळ संघटनेची अडचण झाली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, बोलणी झाली, बेझंटबाईंची संघटना विलीन झाली. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली.

विलीन झालं म्हणजे मनं जुळली असं नाही. १९३७ मध्ये दिल्लीला अखिल भारतीय जांबोरी झाली. त्या दौऱ्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी बेडन-पॉवेल यांच्या नावे छापून आलेल्या विधानांनी मोठा क्षोभ झाला. १९३८ मध्ये 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' निघाली. अखेर ७ नोव्हेंबर १९५० ला सगळे 'भारत स्काउट्स'मध्ये एक झाले आणि १९५१ मध्ये गाइडही आल्या. या जुळवाजुळवीत मौलाना आझादांबरोबर आपल्या प्रांताचे राज्यपाल मंगलदास पक्वासा आणि न्यायमूर्ती बोस होते. हेच बोस १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अन्वर अली सरकार खटल्यात स्वतंत्र निकालपत्र लिहितात आणि घटनेतली समानता कोरड्या सूत्रात कोंबता येत नाही असं बजावतात. या दोन कामांचा धागा एकच असावा असं मला वाटतं. पुरावा म्हणाल तर माणूस एकच, एवढाच.

तुलनेसाठी दक्षिण आफ्रिका पाहा. तिथे काळ्या मुलांसाठी 'पाथफाइंडर' नावाची वेगळी चळवळ होती. १९३६ मध्ये तोडगा म्हणून वंशानुसार चार समांतर संघटना मान्य झाल्या. त्या एक व्हायला १९७७ उजाडलं. चौथा नियम तिथेही छापलेला होताच.

मी इंजिनिअर माणूस. यंत्राच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय यापेक्षा आत कुठला दाता कुठल्या दात्यात अडकलाय ते बघायची सवय. स्काउटमधला खरा दाता म्हणजे सहा-आठ मुलांची तुकडी. महाराष्ट्रात तिला संघ म्हणतात, आमच्याकडे हिंदीतला शब्द 'टोली'. त्यामुळे माझी आजी शेजारणीला 'पोरगा टोळीत गेलाय' असं काळजीने सांगायची.

१९८० च्या सुमारास आमच्या टोलीत आठ जण होतो. दोन मराठी, एक गोंड, एक रेल्वे कॉलनीतला अँग्लो-इंडियन, एक मुसलमान, बाकी हिंदी घरांतले. यातल्या निम्म्या घरांत एकमेकांकडे पाणीसुद्धा चालत नसे. शिबिरात टोलीला एक चूल, एक पातेलं. काकूने माझ्यासाठी वेगळा डबा दिला होता. मास्तरांनी तो उघडून लाडू आठांत वाटले, भाषण वगैरे काही केलं नाही. खिचडी जळली तर आठही जण जळकी खाणार.

टोलीत एकाच्या पायाला पोलिओ होता. पायी सहलीचे गुण टोलीतला शेवटचा मुलगा पोचल्यावरच मिळत. त्यामुळे त्याच्या चालीने चालणं ही आमच्या भल्या मनाची गोष्ट राहिलीच नाही, तो हिशोबच होता. आधी वैतागलो. मग कोणीतरी त्याची पिशवी घेतली, रस्ता बदलला, निघायची वेळ अर्धा तास आधी केली. गाठी बांधण्यात तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता, म्हणून तंबूच्या दोऱ्या त्याच्याकडे आल्या. आजही मी सामान बांधतो ती गाठ त्याने शिकवलेली आहे.

अलीकडे काही पथकं पाहिली. गणवेश छान, नियम पाठ, दयाळूपणावर घोषवाक्यांचे फलक. टोल्या मात्र मुलांच्या आवडीप्रमाणे किंवा वर्गाच्या तुकडीप्रमाणे पाडलेल्या. एका ठिकाणी बाहेरगावाहून आलेला, हिंदी अडखळत बोलणारा मुलगा तीन दिवस पाणी भरत होता आणि त्याची टोली चुलीशी हसत बसली होती. वाईट कोणीच नव्हतं. शिबिराला जेवणही बाहेरून येतं हल्ली. खिचडी रांधायची नसेल तर एकमेकांची गरज पडायची कशी? ब्राउनसीला बेडन-पॉवेल यांनी तुकड्या मुलांच्या मर्जीवर सोडल्या नव्हत्या. घोषवाक्यं कमी चालतील, पण हे काम पथकाच्या मास्तरानेच करायला हवं.

मला आता जुन्या टोल्या प्रत्यक्षात कशा होत्या ते शोधायचंय. संघटनांचे ठराव, विलीनीकरणाच्या तारखा हे सगळं छापलेलं सापडतं. चुलीपाशी कोण बसलं, ते तिथे नसतं. ते असेल तर टोलीच्या रोजनिशीत. शिबिरात टोलीचा लेखनिक रोज वही लिहायचा: हजेरी, स्वयंपाक कोणाकडे, पाणी कोणाकडे, रात्रीचा पहारा कोणाचा. जबलपूर, नागपूर, शिवनी, पचमढी या पट्ट्यातल्या मराठी घरांत आजोबांच्या ट्रंकेत खाकी पट्टा आणि शिट्टीबरोबर अशी वही असू शकते. रद्दीत देण्याआधी उघडून बघा. पहिल्या पानावर टोलीची आठ नावं असतील, ती आडनावांसकट उतरवून घ्या, आणि मग पुढच्या पानांवर स्वयंपाकाच्या रकान्यात कोणाचं नाव येतं आणि पाण्याच्या रकान्यात कोणाचं, ते मला कळवा.